मी मस्कतला असताना

“काल बराबर होतं मीठ,” हे वरणाच्या वाटीत बघत पुटपुटले.

मी समोरच बसले होते, म्हणून ऐकू आलं. हे म्हणजे माझे मालक, रेणुकादासराव. गणिताचे रिटायर सर. सत्तावीस वर्षांत स्वतः चहासुद्धा टाकला नाही. मी आज सकाळीच नांदेडला उतरले होते. काल मी मस्कतला होते.

“काल कोणी केलतं वरण?”

हे भात कालवत राहिले. आमच्या लेकीनं, सृष्टीनं, पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडं ठेवला. “मीच,” ती म्हणाली. सृष्टीला कुकरच्या शिट्टीची भीती वाटते.

दामिनी माझी कंधारच्या शाळेतली मैत्रीण. मस्कतला तीस वर्षं संसार करते आणि दर दिवाळीला “ये की गं एकदा” म्हणते. बावन्नाव्या वर्षी पासपोर्ट काढला, हैदराबादहून एकटी विमानात बसले, नऊ दिवस राहिले. समुद्र बघितला. पोट दुखेस्तोवर हसलो दोघी. घरी रोज फोन करायचे, उत्तर रोज एकच : “सगळं ठीक हाय, तू निवांत राहा.” नऊ दिवसांत साखरेचा डबा कुठंय, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

शंका आली ती दुपारी, साडी बघून. जाताना तिला फॉल अर्धाच लावून ठेवला होता. आता साडी कपाटात घडी करून होती आणि फॉल पुरा होता. दुकानात दिली असेल म्हणून टाके बघितले. मी डावखुरी, माझा टाका उलटा कलतो. शिवाय दर वितीला मी दुहेरी गाठ मारते, जुनी खोड. हे टाके उलटेच कलले होते. वीत लावून बघितली. गाठी होत्या.

पासपोर्ट काढून शिक्के तपासले. गेल्याचा होता, आल्याचा होता. म्हणजे मी गेले होते.

संध्याकाळी जिन्यात शेजारच्या सिंधुताई भेटल्या. “वैनी, बुधवारी लई बरं वाटलं बघा तुमच्याशी बोलून. एकसुद्धा टोमणा न्हाई!”

“बुधवारी मी मस्कतला होते हो.”

त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबल्या. “हाव का,” म्हणाल्या आणि आत गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला. सिंधुताईंचं दार दिवसभर उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाजीला गेल्यावर सृष्टीला समोर बसवलं. “खरं सांग. माझ्यामागं घरात कोण आलतं?”

ती नखं कुरतडायला लागली. “निघताना तू काय म्हणालतीस?”

आठवत होतं. घाईत उंबऱ्यावर “जाते” म्हणून बसले होते. हे खेकसले, “जाते काय? येते म्हणावं!” तोवर रिक्षा सुरू झाली होती. मी आतूनच ओरडले, “येते, येते!”

“रिक्षातून न्हाई,” सृष्टी म्हणाली. “तू परत आत आलीस. उंबऱ्यात उभं राहून ‘येते’ म्हणालीस. बाबांनी पाणी दिलं, तू बसलीस. आम्हाला वाटलं, राहिलं तुझं जाणं. मग संध्याकाळी विमानतळावरून तुझा फोन आला.”

“मग?”

“तवा तू भाकरी थापून राहिलतीस.”

मला हसू येईना, रडूही येईना. “मला का नाही सांगितलं?”

“बाबा नको म्हणले.” तिनं नख सोडलं. “बाबा रोज हसायचे, आई.”

घर माझं, टाका माझा. त्या घरात मी कुठं बसावं, एवढंच मला सुचेना.

दुपारी वरणात मीठ दोनदा चाखून टाकलं. तीन ताटं वाढली.

ह्यांनी उठून चौथं घेतलं.

भाकरी ठेवली, वरण ओतलं, कांदा फोडला. वर ताटली झाकली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना वाढताना बघत होते.

“कोणाला?”

सृष्टी गच्चीच्या दाराकडं बघत होती. हेही तिकडंच बघत होते.

दाराच्या खालच्या फटीत ऊन होतं. मधोमध दोन ठिकाणी नव्हतं.

मी उठायला लागले. ह्यांनी माझा हात धरला. घट्ट नाही. अगदी मायेनं.

“विमल,” हे म्हणाले, “दामिनीकडं अजून थोडे दिवस जाऊन ये ना. तू असलीस की ती आत येत न्हाई. कालपासून उपाशी हाय.”