भरल्या अंगाची उपासमार

"लाज नाई वाटत का वं तुले!" इंदिराबाईंनी सुनेच्या पुढ्यातलं ताट खसकन ओढलं. "उद्या नागपूरच्या डॉक्टरीनबाईची तारीख हाय, ते तुयं पोट लहान करनार... अन् तू आजही खाऊनच राह्यली!"

ताटात होतं तरी काय? गार भात आणि मासोळीच्या रश्शाचा तळ! वजन उतरवण्याचं ऑपरेशन ठरल्यापासून सासूनं दिव्यानीची डाळ बंद केली होती, दूध बंद केलं होतं. पोट लहान करायचं तर आधीपासून उपाशी ठेवलं पाहिजे, असा त्या माउलीचा भाबडा हिशेब!

कुरखेड्याजवळच्या तलावावर मासोळी धरणारं हे घर. मोठी मासोळी बाजारात जायची, उरलेली पुरुषांच्या ताटात, आणि बाया सगळ्यांच्या मागून भातावर रस्सा ओतून घ्यायच्या. दिव्यानीच्या वाट्याला चुकून तुकडा आलाच, तर तोही ती हळूच नवऱ्याच्या, निकेशच्या, ताटात सरकवायची. पहाटे गार पाण्यात उतरतो बिचारा! आणि तिचं अंग मात्र वाढतच गेलं... गुडघे उचलेनात, चार पावलांत धाप लागू लागली. "चोरून खाते," असं गाव म्हणालं, सासूही म्हणाली. दिव्यानीनं ते सारं पोटात घातलं. पण तिला जगायचं होतं, पुन्हा आपल्या पायांनी बाजारात जाऊन मासोळी विकायला बसायचं होतं, आणि ते आपण करणारच, याबद्दल तिच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे अहवाल पाहिले आणि मान हलवली. "ऑपरेशन आत्ता होणार नाही."

"मी म्हनतच होती!" इंदिराबाई उसळल्या. "इचं खानं सुटतच नाई!"

"उलट आहे, आजी. हिच्या रक्तात लोह कमी, बी-ट्वेल्व्ह कमी, डी जीवनसत्त्व कमी, प्रथिनंही कमी. तुमची सून उपाशी आहे."

"एवढी जाड बाई... अन् उपाशी?"

"नुसत्या भातानं अंग वाढतं, शरीराला लागतं ते सगळं मिळत नाही. ऑपरेशननंतर अन्न आणखी कमी जाईल. अशा शरीरावर मी सुरी चालवणार नाही! आधी गोळ्या, डाळ, अंडी, मासोळी. घरात ही कधी जेवते?"

निकेशनं मान खाली घातली. "सगळ्यायच्या मागून," इंदिराबाई कशाबशा म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी सुनेचे हात धरले. "पोरी, तुया तोंडचा घास मीच ओढला वं! तू बोलली काऊन नाई?"

"रडू नका, बाई." दिव्यानीचा आवाज खणखणीत होता. "मायं ऑपरेशन होनारच. पन आता मी एकटी जेवनार नाई. तुमी तं माया कितीतरी आधीपासून मागून जेवून राह्यल्या!"

पुढे उन्हाळा सरेस्तोवर तिचं रक्त सुधारलं, ऑपरेशनही सुखरूप पार पडलं. पण आपला दुसरा जन्म झाला तो त्या दिवशी ऑपरेशनाविना घरी परतल्यावर, त्याच संध्याकाळी, असं दिव्यानी आजही सांगते. त्या संध्याकाळी निकेशनं चुलीवरून उतरवलेली मासोळी आधी बायकोला वाढली, मग आईला.

"गडीमानसं जेवाची हायेत अजून..." इंदिराबाई अवघडून उठू लागल्या.

"बस, माय. मी जेवतो मागून."

सुनेच्या मांडीला मांडी लावून त्यांनी पहिला घास घेतला. वाफाळता, काटा काढलेला... आणि त्यांचे डोळे भरून आले. उभा जन्म याच चुलीशी गेला होता!

"दिव्यानी," त्या पुटपुटल्या, "गरम मासोळी अशी लागते काय वं?"