मातीत बांधलेली भिंत

उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं... वर पाहावं तर छप्परच नव्हतं, बैठकीच्या खोलीत थेट आभाळ उतरलं होतं! निळंभोर, धुतलेलं, आपण काही केलंच नाही असा साळसूद चेहरा करून बसलेलं आभाळ. आणि त्याच्याखाली, भिजून काळ्या पडलेल्या खुर्चीत, वाकडा पाय पुढे पसरून मामा बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तीही पाहत राहिली, आणि इतक्या वर्षांनंतर पहिला शब्द कोणी बोलायचा हा पेच काही दोघांना सुटेना.

तो मामीने सोडवला. मोडक्या कपाटामागून ती केरसुणी घेऊन आली, थोरलीला पाहून क्षणभर थबकली आणि म्हणाली, "आलीस का गं? ये, अशीच ये. पाय पुसू नकोस, ज्याच्यावर पुसायचे ते कधीच उडून गेलं."

एवढं बोलली आणि केरसुणी टाकून तिच्या गळ्यातच पडली. मामीचं हे असंच, विनोद आणि हुंदका एकाच घोटात.

खरं तर थोरली ही त्यांची भाची. आईवडील गेले तेव्हा मामांनी तिला कडेवर घेऊन घरी आणलं; पुढे त्यांना मुलगा झाला, तेव्हा ती आपोआप थोरली झाली आणि तो धाकटा. मामा गवंडी. साध्यासुध्या घरापासून उंच इमारतीपर्यंत त्यांनी बांधलेली एक भिंत कधी ओळंब्याबाहेर गेली नाही, आणि हे घर तर त्यांनी स्वतःच्या हाताने उभारलेलं. थोरली त्यांच्या मागे मागे विटा वाहत वाढली आणि मोठी झाल्यावर उंचावरच्या कामासाठी बांबूंची परांची बांधायला शिकली. बांबूला दोराचे वेढे द्यायचे, एक वेढा जास्तीचा घ्यायचा आणि सुटं टोक आत खोचून टाकायचं, ही तिची रीत. मामा हसून म्हणायचे, "पोरी, तुझी गाठ सोडवायला मला विळा लागतो."

या घराचा एक नियम होता. ज्याने परांची बांधली, त्याने आधी चढायचं. त्याला पेलली तर इतरांनी पाय ठेवायचा. त्या एका सकाळी घाईघाईत तो मोडला. मामा आधी चढले, दोर सुटला, फळी कलली, आणि ते खाली कोसळले; तेव्हापासून ते परांचीवर चढलेच नव्हते. त्या दिवशी परांची बांधली होती धाकट्याने. तो भिंतीला टेकून थरथरत उभा होता, ओठ पांढरे, तोंडातून शब्द फुटत नव्हता... आणि माणसं जमली, कोणीतरी विचारलं, कोणी बांधली? थोरलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. बापाला पाडणारा गवंडी म्हणून याला कोण कामाला लावील? आणि हा स्वतःला कधी तरी क्षमा करील का?

"मी बांधली," ती म्हणाली.

मामा दवाखान्यातून कुबडी घेऊन घरी आले आणि त्यांनी तिला एकच वाक्य ऐकवलं, "या घरात तुला आता दार नाही." ते नुसतं बोलणं नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी एका पायावर उभं राहून तिच्या खोलीचं दार स्वतःच्या हाताने विटांनी बुजवलं, वरून गिलावा केला, रंग दिला. शेजारणीने हे सांगितलं तेव्हा थोरली शहरातल्या एका गोदामात मालमोटारींवर माल बांधायच्या कामाला लागली होती. तिने ऐकून घेतलं आणि हातातला दोर असा आवळला की चालक म्हणाला, "ताई, माल आहे तो, गुन्हेगार नाही."

आणि काल चक्रीवादळ आलं. वाटेत आडवी पडलेली झाडं ओलांडत, खांद्यावर ताडपत्री आणि दोराचं वेटोळं घेऊन ती आज चालत आली होती. दार नसलेल्या घरात यायला तिला काही वाटलं नव्हतं असं नाही. पण म्हातारी माणसं उघड्यावर आहेत म्हटल्यावर मानापमान कोण कुरवाळत बसणार?

"छप्पर कुठे आहे?" तिने विचारलं.

"पलीकडच्या मैदानात," मामी म्हणाली. "कागदासारखं चुरगळून पडलंय. जाऊ दे, मेलं गळतच होतं."

"आभाळच फाटलं," मामा कोणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "ठिगळ लावणार कुठं कुठं?"

"ताडपत्री मोठी आहे," थोरली तितक्याच तटस्थपणे म्हणाली.

एवढ्या वेळात तिने घराच्या डाव्या कोपऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचंच नाही असं ठरवून ती आली होती. पण मामीने तिची हनुवटी धरली, लहानपणी धरायची तशीच, आणि तोंड तिकडे वळवलं. "बघ तरी."

तिने पाहिलं. भिंत नव्हती. विटांचा ढीग होता, आणि त्याच्या पलीकडे तिचं दार सताड उघडं होतं! आत तिची खाट. तिची निळी चादर. उशाशी मामीचा चष्मा, पायथ्याशी मामांचा पंचा. फळीवर तिचा जुना आरसा होता तसाच, त्याला तडासुद्धा नव्हता. आणि वर, अगदी वर, एकूण एक पत्रा जागच्या जागी होता. शेजारच्या भिंतीपासून पुढचं सगळं घर टोपण काढल्यासारखं उघडं पडलेलं, आणि ही एवढीशी खोली मात्र कोरडी ठणठणीत! तिने पत्र्यांखाली पाहिलं. वाशांभोवती जाड तारेचे वेढे होते. प्रत्येक ठिकाणी एक वेढा जास्तीचा होता, आणि टोक आत खोचलेलं.

लहानपणी तिला वाऱ्याची फार भीती वाटायची. पत्रा वाजला की ती उठून बसायची. शेवटी एकदा तिने मामांकडून तार मागून घेतली आणि आपल्या खोलीचं छप्पर स्वतःच बांधून काढलं. मामा शिडी धरून खाली उभे होते. "छपराला बांधतेस की हत्तीला?" म्हणून तेव्हा किती हसले होते... त्या भित्र्या पोरीच्या हातचा पीळ सगळं वादळ अंगावर घेऊन उभा राहिला होता.

"काल पत्रे उडायला लागले ना," मामी सांगू लागली, "तेव्हा मला वाटलं संपलं आता. तर हे उठले, पहार घेतली आणि त्या भिंतीला घातली. मी ओरडले, अहो, तीच एक उभी आहे, ती कशाला पाडता? तर दोनचार घावांत भिंत खाली! मला म्हणाले, आत चल. आणि गंमत ऐक. छप्पर डोक्यावरून जातंय, पाऊस तोंडावर मारतोय, आणि हा माणूस दारात उभा राहून म्हणतो, तिला न विचारता तिच्या खोलीत कसं जायचं?"

"पुरे," मामा म्हणाले.

"का पुरे? वादळ ओसरेपर्यंत खाटेवर बसून वर बघत होता आणि हात जोडलेले होते. मला वाटलं देवाला जोडलेत. नंतर कळलं, ते त्या तारेला होते."

ती ढिगाऱ्याजवळ गेली, वाकली आणि एक वीट उचलली. विटेला सिमेंट नव्हतं. चुनाही नव्हता. तिने बोट फिरवलं, आणि बोटाला ओली, मऊ, पिवळसर माती लागली. तिने दुसरी वीट पाहिली, तिसरी पाहिली. सगळी भिंत मातीत रचलेली, चौकटीत नुसती टेकवून ठेवलेली, जुन्या भिंतीशी कुठे जोडही घेतलेला नव्हता. वरचा तो गिलावा तेवढा लोकांना दाखवायला. 'मातीत बांधतो तो गवंडी नव्हे, कुंभार' असं म्हणणारा हा माणूस! ज्याने शेजाऱ्याच्या कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सिमेंटात बांधून दिलं, त्याने ही भिंत मातीत बांधली?

"मामा," ती वीट हातात धरून म्हणाली, "ही कोणी बांधली?"

"मी."

"मातीत?"

मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पाडायची होती म्हणून."

"मग पाडली का नाहीत?"

"लाज वाटली."

"कसली लाज? पाय माझ्यामुळे गेला, राग तुमचा होता, लाज कसली?"

"पोरी, आता तरी खोटं बोलू नकोस," मामा म्हणाले. "मी पडलो तो सुटलेल्या गाठीमुळे. तुझी गाठ आयुष्यात कधी सुटली आहे का?"

मामी वळून नवऱ्याकडे पाहू लागली. थोरलीच्या पायाखालची वाळू सरकली.

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"मी खाली पडलो होतो तेव्हा दोराचं टोक डोळ्यांसमोर लोंबत होतं. आत खोचलेलं नव्हतं. तेव्हाच कळलं. तू 'मी बांधली' म्हणालीस तेही ऐकलं, आणि गप्प बसलो. तू घरात राहिली असतीस तर रोज तुझं तोंड बघून धाकटा एक दिवस सगळं ओकला असता. मोडला असता. मला तो उभा राहायला हवा होता. मग मी... तुला जाऊ दिलं."

"जाऊ दिलंत?" तिने हातातली वीट ढिगाऱ्यावर आपटली. "हाकललंत मामा! मी समजत होते, तुम्ही मला गुन्हेगार मानता. तेही मी सोसलं. पण तुम्हाला ठाऊक असताना...! एकदा, एकट्यात, एवढं तरी म्हणायचं होतं, की पोरी, मला कळलंय."

"एकदा का, रोज म्हणायचो. त्या भिंतीला."

"भिंतीला म्हणायचात, आणि माझ्याजवळ बोलला नाहीत?" मामी मधेच कडाडली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्यावर असा आवाज चढवला नव्हता. "मी या पोरीला मनातल्या मनात दोष देत जेवले हो! तुम्ही मला ते पाप करू दिलंत? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तुमच्याकडे बघूनच म्हणत असतील."

या माणसाला रडताना त्या दोघींनी कधी पाहिलं नव्हतं. आता तो रडत होता, आवाज न करता, आणि वरून ऊन त्याच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. छप्पर नसलेल्या घरात लपायला जागा नसते हेच खरं.

थोरली वळून आपल्या खोलीत गेली आणि खाटेवर बसली. संताप होताच, तो खोटा नव्हता. एका कबुलीने इतकी वर्षं परत येत नाहीत हेही तिला कळत होतं. पण तिच्या नजरेपुढून एक चित्र हलेना... छप्पर उडतंय, आणि एक लंगडा म्हातारा आपल्याच बायकोला घेऊन, आपल्याच घरात, एका रिकाम्या खोलीची परवानगी मागत उभा आहे. तिने चादरीवरून हात फिरवला. मातीच्या भिंतीआड सगळं जसंच्या तसं राहिलं होतं, कोणी काही हलवलं नव्हतं. हलवता आलंच नसतं, आणि तेच बहुधा त्या माणसाला हवं होतं.

बाहेर मामीचा फोन वाजला. धाकटा होता. दूरच्या शहरात त्याची आता मोठमोठी कामं चालत. वादळापासून तो सारखा फोन लावत होता. मामी बोलायला गेली, तर मामांनी हात पुढे केला. फोनला कधी हात न लावणारा माणूस!

"आम्ही ठीक आहोत," ते म्हणाले. "ताईच्या खोलीत होतो. तिने बांधलेलं छप्पर राहिलं, बाकी गेलं... हो, ती आली आहे. तूही ये. रस्ते मोकळे झाले की ये." मग ते अगदी हळू म्हणाले, "आणि बाळा, आलास की तिच्याकडून गाठ शिकून घे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडून हुंदका आला, मोठ्या माणसाचा, लहान मुलासारखा मोकळा सुटलेला. "बाबा... ताईला द्या," एवढंच कळलं. थोरलीने फोन कानाला लावला. "ये रे," ती शेवटी म्हणाली, "आलास की चांगला कान पिळते तुझा," आणि दोघं रडत रडत हसली.

मग ती कामाला लागली, कारण आभाळ पुन्हा भरून यायच्या आत ताडपत्री चढायला हवी होती. अंगणात पडलेले बांबू तिने निवडून घेतले, मामांच्या त्या सरळसोट, कुठेही तडा न गेलेल्या भिंतीला लागून उभे केले, आणि परांची बांधू लागली. वेढा, वेढा, एक जास्तीचा, टोक आत. मामा खुर्ची ओढत जवळ आले आणि दोराचं दुसरं टोक धरून बसले. काम होतं ना, मग बोलायचं कशाला?

फळी बसली. नियमाप्रमाणे ती आधी चढली, वर उभी राहिली आणि तिने पाय आपटून पाहिला. परांची हललीसुद्धा नाही.

तेव्हा मामा उठले. काठी त्यांनी खुर्चीला टेकवून ठेवली, बांबूला हात घातला आणि वाकडा पाय पहिल्या आडव्या बांबूवर ठेवला.

"अहो, काय करताय?" मामी घाबरून पुढे धावली. "त्या पायाने?"

"पाय माझा आहे," ते म्हणाले, "गाठ तिची आहे."

आणि ते चढले... थांबत, धापा टाकत, दात आवळून, पण चढले! थोरलीने वाकून हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि तिच्या शेजारी फळीवर बसले. मामी तोंडावर हात घेऊन खाली उभी होती. वरून सगळं घर उघडं दिसत होतं, खोल्यांमागून खोल्या, आणि कोपऱ्यात ते एक मोकळं दार.

मामांनी तिकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसून म्हणाले, "त्या दाराला नवी चौकट करू. सागवानी."

"आधी छप्पर," थोरली म्हणाली, आणि ताडपत्रीचं एक टोक तिने त्यांच्या हातात दिलं.