राउटरचं आतलं तापमान

माझी मावसबहीण उगाच काही बोलणारी नाही. तिचं कामच तसं. प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासायचे आणि कुठला खोटं दाखवतो ते सांगायचं. तिने सांगितलं तसंच इथे लिहिते. पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

उन्हाळ्यातला रविवार, भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ताई आणि तिच्या सासूबाई, दोघीच. भावोजी जहाजावर इंजिनिअर. तेव्हा ते उत्तरेच्या थंड समुद्रात होते.

त्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. सगळे फोन वायफायवरून. राउटर भावोजींनीच बसवलेला.

सासूबाईंना दिसेल त्या वस्तूला लोकरीचं कव्हर विणायची हौस. राउटरलाही विणलं. मग तो तापायचा आणि नेमका लेकाचा फोन आला की बंद पडायचा. शेवटी भावोजींनी ताईला मोबाइलवर राउटरचं पान उघडायला शिकवलं. आतलं तापमान तिथे दिसतं. पन्नासच्या आसपास असलं की ठीक.

"आईला सांग, त्याला थंडी वाजत नाही," ते हसत म्हणाले होते. "मला वाजते. माझ्यासाठी विण म्हणावं काहीतरी."

तो त्यांचा शेवटचा फोन.

त्या दुपारी कंपनीच्या ऑफिसातून कळलं, जहाज बुडालं. काहीजण होडीत चढले, काही पाण्यात आहेत. शोध चालू आहे, कळलं की फोन करू.

म्हणजे आता राउटर बंद पडून चालणार नव्हतं. ताईने कव्हर काढलं, टेबलफॅन लावला, ते पान उघडलं.

सदतीस.

इतकं कमी? फॅनमुळे असेल... तिने फॅन बंद केला.

छत्तीस.

पस्तीस.

मग राउटरच्या डब्यातून आवाज यायला लागला. बारीक, भरभर... दातावर दात आपटावेत तसा.

भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान एकतीस. आकडा त्याच्याही खाली उतरला. चालू यंत्र खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. ताईने डब्याला हात लावला. बाहेरून तो नेहमीसारखाच गरम.

"सेन्सर बिघडलाय," ती मोठ्याने म्हणाली. पण हा उतार तिच्या ओळखीचा होता. गार पाण्यात माणसाचं शरीर असंच निवत जातं.

आणि मग... आवाज थांबला.

"थांबला गं. बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

अंगात कुडकुडण्याइतकंही बळ उरलं नाही, की माणूस कुडकुडायचा थांबतो. ताई तसं बोलून गेली.

सासूबाईंनी कव्हर उचललं आणि राउटरवर चढवलं. ताईने कपाटातून भावोजींची शाल काढली, वर गुंडाळली. भर उन्हाळ्यात हीटर लावला. डबा पोटाशी धरून ती जमिनीवर बसली, आणि सासूबाई तिला मागून मिठी मारून. घामाने दोघींचे कपडे अंगाला चिकटले.

"सोडू नकोस. घट्ट धर," सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटत राहिल्या.

पंचवीस.

एकोणीस.

अकरा...

अंधार पडता पडता आकडा सहावर थांबला. तिथल्या समुद्राचं तापमान तेवढंच होतं, हे ताईला नंतर कळलं.

भावोजी सापडले नाहीत.

राउटर चालूच राहिला. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. यंत्र ठणठणीत आहे वहिनी, फक्त आकडा चुकतोय, बदलून देतो, म्हणाला. ताईने हात लावू दिला नाही. वर्षभर आकडा सहाच.

गेल्या आठवड्यात तो हलला.

नऊ. मग चौदा. मग बावीस...

सासूबाईंनी सुया काढल्या आणि स्वेटर विणायला घेतला. पुरुषाच्या मापाचा.

ज्याला स्वतःची ऊब नसते ते जिथे असेल तिथलं तापमान घेतं, असं ताई नेहमी सांगते. काल संध्याकाळी तिचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. राउटर एकतीस दाखवतोय. भिंतीवरचा थर्मामीटरही एकतीस.

"कुणी आलंय का?" मी विचारलं.

"दार उघडलंच नाही गं." ती म्हणाली. "पण आईंनी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला होता... तिथे तो नाहीये."

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. हळू, मायेचा. त्या कुणाला तरी विचारत होत्या,

"बाही लांब झाली का रे?"