मधला अल्बम

या, असे पुढं सरका. सतरंजीवर अजून जागा आहे, आणि मागं बसलं की पेटीचा सूर तेवढा पोचतो, शब्द गळून जातात. फोन बंद करू नका, असू द्या हातात. आजची गोष्ट त्याच्याच पोटातली आहे. प्रेमाची आहे. देव माणसांची गाठ घालून द्यायला निघाला की कुठल्या वेषात येईल ते काही सांगता येत नाही. या गोष्टीत तो एका आकड्याच्या वेषात आला.

आपल्या नागपुरात, हुडकेश्वरला दीक्षा नावाची मुलगी राहते, आजोबांजवळ. आजोबा म्हणजे देवाजी. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेलं पोर ते, त्या आठवणीनंच नातीचं हे नाव ठेवलेलं. खंजिरीवर भीमगीतं गाण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि नात काय करते? तर फोनमधल्या ॲपांची कच्ची दारं शोधते. कंपन्या स्वतःच सांगतात, या बाई, आमची दारं ढकलून बघा आणि कुठलं उघडतं ते कळवा.

‘झलक’ नावाचं एक ॲप होतं, फोटो ठेवायचं आणि आपल्या माणसांना दाखवायचं. त्यात बंद अल्बम करता यायचा, आपला आपल्यापुरता. दीक्षानं तपासायला म्हणून दोन वेगवेगळ्या नावांनी दोन बंद अल्बम केले, एकापाठोपाठ एक. अल्बमच्या पत्त्याच्या शेवटी एक आकडा असायचा. तिनं न पडताळताच मनाशी धरलं, पहिल्याच्या पुढचा आकडा म्हणजे आपलाच दुसरा अल्बम. पहिल्या नावानं आत शिरून तिनं शेवटचा आकडा बदलला, आणि दार उघडलं!

देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना? समजा, तो चपलावाला बिल्ला न मागता, नुसता आकडा सांगेल त्याला चपला काढून देत सुटला, तर? ‘झलक’चं तसंच चाललं होतं. आकडा ऐकायचा, आणि आकडा सांगणारा कोण, ते विचारायचंच नाही.

पण समोर आलेला अल्बम दीक्षाचा नव्हता. तिच्या दोन अल्बमांच्या मधल्या त्या इवल्याशा फटीत नागपुरातच कोणीतरी बटण दाबलं होतं आणि मधला आकडा घेऊन बसलं होतं.

फोटोत एक तरुण उभा होता. मागं लोखंडी कपाट, त्याच्या मुठीला अडकवलेली हिरवी पिशवी. खांद्यावर उपरणं, उजवा हात वर, बोटं अशी... जणू हवेतला एखादा शब्द हलकेच खाली घ्यायचाय. खोलीत दुसरं कोणी नाही, पण डोळे मात्र कोणाला तरी काही सांगत होते. फोन टेकवून, टायमर लावून त्यानं स्वतःच काढलेला फोटो.

दीक्षानं झटकन पान बंद केलं. तिच्या कामाचा धर्मच तो. परक्याचं काही दिसलं की तिथंच थांबायचं, दुसरा फोटो बघायचा नाही, जवळ ठेवायचा नाही. कंपनीला कळवायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत कुठं बोलायचं नाही. तिनं कळवलं. “तपासतो,” असं उत्तर आलं.

पान बंद झालं, पण तो हात काही मनातून खाली येईना.

आजोबांच्या गुडघ्याला व्यायाम लागायचा, त्यासाठी ती त्यांना सकाळी रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणायची. ते आत असले की ही बाहेर तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी. थंडीचे दिवस. कढईतून लाल वाफ निघत होती, शेजारी संत्र्यांची हातगाडी उभी होती, उन्हाला नुकता रंग चढत होता. आणि तेवढ्यात...

“भैया, तर्री कमी.”

तिनं मान वर केली. तोच! खांद्यावर उपरणं नव्हतं, ऑफिसची बॅग होती. पण डोळे तेच.

तो जरा चुळबुळला. गालावरून हात फिरवला.

“काही लागलंय का तोंडाला? नाही... तुम्ही केव्हाच्या बघून राहिल्या, म्हणून विचारलं.”

“तुम्ही कीर्तन करता ना?” तिच्या तोंडून निघूनच गेलं.

त्याची प्लेट कलंडता कलंडता राहिली. “मी? छे! माझी आत्या करते, चारुशीलाबाई. मी तिच्या मागं पेटी वाजवतो. दिवसा इथं विम्याच्या ऑफिसात. पण... तुम्हाला कोणी सांगितलं?”

“हात,” ती गडबडून म्हणाली. “तुमच्या हातावरून वाटलं.”

“ज्या हातात पोहे आहेत, त्या?”

“दुसऱ्या.”

त्यानं दुसरा हात निरखून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. मग तिच्याकडं पाहिलं आणि हसला. नाव अनिश. त्या हसण्यानं दीक्षाच्या पोह्यांतली सगळी तर्री गोड झाली म्हणा ना!

मग रोजचा खेळच झाला तो. ती दिसली की अनिश नवा तर्क लावायचा.

“आत्याच्या ओळखीच्या आहात?”

“नाही.”

“ज्योतिष बघता?”

“मी? मशिनीचं बघते.”

“मग काहून सांगत नाही?”

“सांगीन. अजून वेळ आहे.”

“कसली वेळ? मुहूर्त काढून राहिल्या का?”

ती हसायची, पण घरी आली की कंपनीला पुन्हा लिहायची, दुरुस्ती झाली का? उत्तर तेच, तपासतो. कुलूप आपलं नाही, किल्ली आपली नाही, आणि आतलं मात्र आपल्याला ठाऊक. त्याच्या प्रत्येक तर्कागणिक ते ओझं वाढत गेलं. कारण आता तो नुसता फोटोतला कोणी नव्हता. संत्रं सोलून निम्मं तिच्यापुढं धरणारा, बिया काढून देणारा अनिश होता.

एका रविवारी चारुशीलाबाईंचं कीर्तन हुडकेश्वरलाच होतं. दीक्षा आजोबांना घेऊन गेली. बाईंचा आवाज काय वर्णावा! पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणात, त्यांनी एकच ओळ अशी काही फुलवली, की मांडवातल्या माणसांना घरी दूध उतू चाललंय याचीही शुद्ध राहू नये. अनिश मागं बसून पेटी वाजवत होता. मान खाली, नजर पट्ट्यांवर.

देवाजी बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. मग नातीच्या कानाशी लागले.

“हा पोरगा पेटी वाजवून नाही राहिला वं. पेटीमांगं लपून राहिला.”

“तुमाले कसं समजलं, आबा?”

“बाई थांबली का याचे ओठ हालते. सारं पाठ आहे त्याले.” मग मिस्कीलपणे, “अन् तू काहून इतकी लाल झाली?”

“थंडी आहे.”

“थंडीनं लाल होते का कोणी?”

अखेर ‘झलक’चं उत्तर आलं. दार बंद झालं, आता प्रत्येकाची ओळख विचारली जाते, तुम्ही बोलायला मोकळ्या आहात. दुसऱ्या सकाळी दीक्षा ठेल्यावर पोचली ती वाक्यं जुळवतच. पण अनिशचं आज काही वेगळंच होतं. त्यानं तर्क लावला नाही. पोहेही मागवले नाहीत.

“दीक्षा,” तो म्हणाला. नुसत्या नावानं, पहिल्यांदाच. “एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. आत्यालाही नाही. तुम्हाला सांगावीशी वाटून राहिली. हसायचं नाही बरं... घरी कोणी नसलं ना, की मी...”

आता बघा हं, किती सोपं होतं. ऐकून घ्यायचं, डोळे मोठे करायचे, ‘हो का?’ म्हणायचं. त्याला कधी कळलंही नसतं. पण जे आधीच पाहिलंय, ते आता भेट म्हणून त्याच्या हातून कसं घ्यायचं?

“थांबा,” ती म्हणाली. “मला माहीत आहे.”

आणि तिनं सांगितलं. दोन अल्बम, मधला आकडा, उघडलेलं पान, सगळं.

अनिशच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं.

“किती फोटो पाहिले?”

“एकच. कपाटापुढचा. लगेच बंद केलं.”

“अजून कोणी पाहिले असतील?”

“कंपनी म्हणते, नाही. पण मी शपथ घेऊ शकत नाही, अनिश. दार उघडं होतं, एवढं खरं.”

त्यानं फोन काढला आणि तिच्यासमोरच तो अल्बम पुसून टाकला. “रोज विचारत होतो मी. रोज इथं उभा राहून. आणि तुम्ही हसून राहिल्या होत्या.”

“बोलता येत नव्हतं. दार उघडं आहे हे फुटलं असतं तर आणखी लोक आत शिरले असते. तुमच्याच...”

“समजलं मला,” तो म्हणाला. “समजलं म्हणून लागत नाही, असं थोडंच आहे?”

बॅग उचलून तो चालू लागला. चार पावलांवर थबकला. वळला नाही, तसाच पाठमोरा, अगदी हळू आवाजात...

“त्या फोटोत... हात नीट होता का?”

दीक्षाचे डोळे भरून आले. “हात नीट होता. पण डोळे त्याहून छान होते. कोणाला तरी सांगत होते ते. मला वाटलं... मलाच.”

तो गेला. नंतर ठेल्यावर आला नाही. संत्र्यांची गाडी होती, वाफ होती, भैया विचारायचा, “दीदी, वो कम तर्रीवाले साहब?” दीक्षा मान हलवायची. देवाजींनी विचारलं नाही, पण संध्याकाळी खंजिरी काढून उगाच बराच वेळ वाजवत बसले.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तिच्या फोनवर ‘झलक’चा निरोप आला. अनिशनं एक अल्बम तुमच्यासाठी उघडला आहे. आत एकच फोटो, नव्यानं काढलेला. तेच कपाट, तीच हिरवी पिशवी, तोच वर गेलेला हात. खाली लिहिलं होतं, “हा मी स्वतः दाखवतोय. उद्या संध्याकाळी हुडकेश्वरच्याच मांडवात पूर्वरंग माझा आहे. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, गाढवा, इतकी वर्षं काय करत होतास? मलाही वाटलं, एकदा कोणीतरी पाहिलंच आहे, आणि पळून गेलं नाही. या.”

मांडव भरला होता. आज पेटीवर चारुशीलाबाई, आणि पुढं उभा अनिश. नमन झालं. हातातले टाळ थांबले. आणि... शब्दच येईनात. बाईंनी सूर धरून ठेवला. पुढची माणसं एकमेकांकडं बघू लागली. अनिशची नजर हळूहळू मागं वळली, त्या पेटीकडं, त्या लपायच्या जागेकडं.

बायकांच्या रांगेत दीक्षा बसली होती. तिनं उजवा हात वर केला. बोटं अशी, जणू हवेतला शब्द हलकेच खाली घ्यायचाय.

अख्ख्या मांडवात त्या हाताचा अर्थ दोघांनाच ठाऊक.

अनिशला हसू आलं. त्याचाही हात वर गेला, आणि शब्द आले बरं! असे आले, की देवाजींनी गुडघ्याचं दुखणं विसरून मांडीवर ठेका धरला. “निघाला वं,” ते पुटपुटले, “पेटीमांगून निघाला.”

पूर्वरंग संपला. बाईंनीच भाच्याला हार घातला, मांडवात बुक्का फिरू लागला. आता आख्यान बाईंचं. अनिश मांडवाच्या कडेला आला. दीक्षा कोमट पाण्याचा पेला घेऊन उभीच होती.

“घशासाठी,” ती म्हणाली.

तो पाणी प्यायला. पेला परत देताना बोटं बोटांना लागली, आणि कोणीच काढून घेतली नाहीत.

“राग गेला?”

“गेला. फक्त एक अल्बम पुन्हा बंद करून ठेवायचाय. दोघांपुरता. तुला... चालेल?”

“तुला?” तिनं भुवई उंचावली.

“चालेल का ते सांग ना.”

“चालेल. पण भीती नाही वाटत? माझा धंदा माहीत आहे ना तुला? शोधून काढीन, तू अजून काय काय बंद करून ठेवलंयस ते.”

“मग?”

मांडवातून बाईंचा आवाज वर चढत होता.

“नाही शोधणार,” ती हळूच म्हणाली. “विचारीन.”

गोष्ट एवढीच. आता उठता उठता एक मागणं आहे. तुमच्या हातातल्या त्या फोनमध्ये लेकरांचे, आईचे, देवघराचे किती फोटो असतील. कधीतरी त्यांचंही दार उघडं राहिलं असेल, आणि कोणीतरी, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही, आत न डोकावता ते ओढून घेऊन निघून गेलं असेल. आज घरी दिवा लावाल, तेव्हा त्या माणसाची आठवण तेवढी ठेवा.