पहिलं ताट

तोंडाशी नेलेली वाटी आत्यानं धाकट्या भाचीच्या हातातून हिसकावून घेतली, आणि अळंबीचं कालवण चुलीपुढं सांडलं… पोरीनं भोकाड पसरलं. ती वाटी भावजयीनं स्वतः वाढून दिली होती. इतके दिवस गिळलेला तिचा संताप आज उफाळून आला.

"वन्सं, भस्म्या झालाय का तुम्हाला? कारखाना बंद पडल्यापासून तुमचे भाऊ घरात बसून आहेत. रानातून आणता ते सकाळी आधी तुमच्या ताटात, आणि पोरांनी दिवेलागणीपर्यंत वाट बघायची? देवानं मूल दिलं नाही, तशी मायाही दिली नाही का?"

आत्याच्या काळजाला घरं पडली. काय सांगणार होती ती? पहाटेपासून टेकडी पालथी घालून ती पाटी भरायची, पण अळंबी सगळीच ओळखीची कुठं असतात… आणणाऱ्यानं आधी खायचं, दिवस जाऊ द्यायचा, मगच घराला वाढायचं, ही तिच्या आईची शिकवण. हे बोलून दाखवलं असतं तर भावाच्या घशाखाली घास उतरला नसता. म्हणून ती मुकाट्यानं अधाशी ठरली होती. पण आज जीव अगदी विटला होता तिचा. राबायचं तिनं, आणि बोलणीही तिनंच खायची!

तेवढ्यात पोटात पुन्हा कळ उठली. घामानं डबडबून ती भिंतीला धरून खाली बसली.

"काय होतंय?" भावजय घाबरली.

"सकाळी खाल्लं ते बाधलंय… पातेलं ओतून दे. पोरीच्या तोंडात गेलं नाही ना? आधी ते बघ."

भावजयीनं सांडलेल्या वाटीकडं पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं. तिनं पोरीचं तोंड उघडून पाहिलं; आत काहीच नव्हतं.

भावानं पळत जाऊन डॉक्टरला आणलं. आत्या वाचली. अंगात जरा बळ येताच पुन्हा पाटी घेऊन टेकडीवर गेली, कारण पोटाला सुट्टी नसते. परत आली तेव्हा भावजय दारातच उभी होती.

"यातली नक्की ओळखीची कुठली?"

आत्यानं मूठभर बाजूला काढली. बाकीची पाटी भावजयीनं उकिरड्यावर पालथी केली.

"अगं, एवढ्यात कुणाचं पोट भरणार?" आत्या चिडली.

"अर्धपोटी राहू. चुकले मी, वन्सं… पण आता तुमच्या जिवावर नाही जेवायचं."

संध्याकाळी तिनं पोरांना वाढलं, नवऱ्याला वाढलं, आणि आत्याचं ताट सगळ्यांच्या शेवटी आलं. इतक्या उशिरा आलेल्या त्या ताटावर आत्याला रडू आवरेना.