पंधराव्या भागाचा पडदा

शनिवार, १२ डिसेंबर १९३६. रात्रीचे आठ वाजले होते. माझे अमृतमामा गोडदेवच्या मिठागरालगतच्या मैदानातून सिनेमाचा पडदा उतरवून आणण्यास निघाले. काम साधे होते. मूकपटांचा तो तंबू त्याच आठवड्यात कायमचा बंद झाला होता.

मामा तेथे वाचक होते. पडद्याशेजारी उभे राहून चित्रपटातील पाट्या मोठ्याने वाचणे आणि समोर काय घडते ते सांगणे, हे त्यांचे काम. पंधरा भागांची एक साहसकथा चालू होती. चौदाव्या भागाअखेर नायिका दरीवर दोराला लोंबकळत राहिली, आणि खलनायकाची सुरी त्या दोरावर टेकली. पंधरावा भाग दाखवलाच गेला नाही. बोलपट आल्यावर मुक्या फिती कोणी विचारीना. मालकाने तो डबा न उघडताच, जुन्या फिती वितळवून बांगड्या करणाऱ्यांना विकला.

मिठागरात जन्मभर राबलेल्या इंदुबाई दर शनिवारी मामांच्या पायाशी, पडद्याला तळहात लावून बसत. मिठावरच्या उन्हाने त्यांची दृष्टी गेली होती. त्यांचा सिनेमा म्हणजे मामांचा आवाज. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मामांना बोलावून घेतले.

“मंग, अमृत? ती दोरावरची वाचली का?”

“डबा विकला, इंदुबाई. जे मी पडद्यावर पाहिले नाही, ते मी सांगत नाही.”

“डोले माजे गेले, तोंड तुजं गेलं काय रं? सांग कायबी!”

मामा उठून आले. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, त्या वारल्या.

“पण आजोबा, एक खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

शांती, बाळ, हाच प्रश्न मामा आयुष्यभर स्वतःला विचारीत होते.

असो. मामांनी पडद्याची पहिली दोरी सोडली. वारा नव्हता. तरी पडदा हलला... खालच्या बाजूस. जेथे त्या बसत.

“मंग?”

मामांनी मागे वळून पाहिले. यंत्र नाही. दिवा नाही. माणूस नाही.

“मंग, अमृत?”

“वाचली! इंदुबाई, ती वाचली!”



मग अगदी पायाशी, हळू...

“तू सोता बगलंस?”

मामांनी तोंड उघडले. ‘हो’ म्हणायचे होते. एकच अक्षर...

ते आले नाही.

तो पडदा या पेटीत आहे. माझ्या आईने तो सात वेळा धुऊन उन्हात घातला. सारा पडदा वाळतो. खालच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग तेवढा वाळत नाही. पाचही बोटे मोजता येतात.