भट्टीच्या तळाशी

"बाई, शेट संध्याकाळी मला पोलिसांत देणार. मी चोर नाय," कुंडलिक म्हणाला.

घाटकोपरच्या आपल्या छोट्या ऑफिसात खासगी गुप्तहेर अनुपमा सामंत यांनी त्याच्यापुढे चहा सरकवला. त्यांचे साथीदार, निवृत्त हवालदार दत्ताराम, त्याचे खिसे न्याहाळत होते. जित्याजागत्या माणसापेक्षा त्यांचा खिशांवर भरवसा जास्त.

कुंडलिक कामाला होता त्या विक्रोळीच्या कारखान्यात भंगार वितळवून निकेल आणि प्लॅटिनम काढत. पंचाऐंशी साली मालक मार्तंडशेटनी नवी भट्टी बसवली आणि प्लॅटिनम कमी भरू लागलं. भट्टीवर कुंडलिक, म्हणून चोर कुंडलिक. एवढाच शेटचा तपास.

"त्याला घरी बसवला आणि तूट कमी झाली. अजून काय पाहिजे?" कुंडलिकला घेऊन दोघे कारखान्यात पोहोचताच शेट म्हणाले.

"तूट आधीपासूनच रोज घटत होती, शेट," प्रयोगशाळेतला चंद्रप्रकाश म्हणाला. "पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त."

"वर तरंगणाऱ्या मळीतून जात असेल," दत्ताराम म्हणाले.

"मळी रोज तपासतो. साफ असते."

बाई कुंडलिककडे वळल्या. "जुनी भट्टी कशी चालायची?"

"माल भरायचा, हवा मारून मालातलं गंधक जाळायचं, मग ओतून पूर्ण रिकामी. ही थांबतच नाय. एकीकडून माल आत, दुसरीकडून धातू बाहेर. विटा टिकाव्यात म्हणून तळाला धातूचा साठा कायम ठेवतो."

"पहिला साठा कशाचा?"

"साधं निकेल. विकत आणलेलं."

"त्या तळाच्या साठ्यातलं पळीभर काढून तपासा," बाई म्हणाल्या.

दुपार कलल्यावर चंद्रप्रकाश परतला. त्या साध्या निकेलात प्लॅटिनम सापडलं होतं.

"चोर आधी बिचकत हात मारतो, मग सोकावतो. इथे उलटंच," बाई म्हणाल्या. "आत येणारं प्लॅटिनम तळाच्या निकेलात मिसळत होतं. सुरुवातीला साठा कोरा, म्हणून तूट मोठी. तो जसा मुरला तशी तूट घटली. शेट, तुम्ही हिशेब जुन्या, रिकाम्या होणाऱ्या भट्टीचा लावलात."

"साठ्यात जेवढं प्लॅटिनम भरतं, तेवढीच आजवरची एकूण तूट आहे," चंद्रप्रकाशने दुजोरा दिला.

"म्हणजे चोरच नाही?" दत्तारामांचा चेहरा उतरला.

शेटनी घाम पुसला. "गैरसमज झाला रे. उद्यापासून ये."

"येतो. पण आधी माझ्या घरी चला," कुंडलिक म्हणाला. "चाळीत सगळ्यांसमोर तुम्ही सांगा. माझं कोण ऐकणार?"

 शेटनी गाडीची किल्ली उचलली.

"कुठे राहतोस तू?"

कुंडलिकने खिडकीतून, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीकडे बोट दाखवलं.